आधी उघड, मग वाळव

ॲनापोलिस, मेरिलँड
१७ नोव्हेंबर २०२४

चि. सोनू,


तू पाठवलेले सगळे फोटो पाहिले, व्हिडिओ तर चार वेळा पाहिला. फोनवर तू विचारलंस, "मामा, एवढं भोक बुजवायला किती दिवस लागतील?" आणि मी गप्प राहिलो. तुला वाटलं फोन कट झाला. फोन चालूच होता. पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, आणि खोटं उत्तर द्यायची इच्छा नव्हती. म्हणून आज रविवारी सकाळी चहा घेऊन हे पत्र लिहायला बसलो आहे. वेळ काढून वाच, आणि वाचून होईपर्यंत दुकानातून रेझिनचा एक डबाही आणू नकोस.

आधी तुझ्या बोटीला नेमकं काय काय झालं ते नीट मांडून बघू. २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन चक्रीवादळ फ्लोरिडात पेरी गावाजवळ जमिनीवर चढलं. त्याचा डोळा तुमच्या सेंट पीटर्सबर्गपासून शंभरावर मैल लांबून गेला, तरी टॅम्पाच्या खाडीचं पाणी नेहमीच्या भरतीच्या वर सहा फुटांहून जास्त चढलं. बोट दोरांसकट उचलली गेली आणि धक्क्याच्या खांबावर उजव्या कुशीनं आदळत राहिली. रात्रभर. तुला दिसतंय ते भोक या आदळण्याचं आहे. मग तेरा दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन आलं. ते तुमच्या दक्षिणेला सिएस्टा कीपाशी चढलं, त्यामुळे तुमच्याकडचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहिला आणि खाडीचं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं. तू त्या रात्रीचा फोटो पाठवलास त्यात बोट चिखलात तळाच्या कीलवर उभी आहे, जरा कललेली. आणि त्याच रात्री अठरा इंचांहून जास्त पाऊस झाला. डेकचा सांधा उघडा, त्यावर ताडपत्री होती ती उडालेली.

म्हणजे हेलीननं केलेली जखम तुला दिसते. मिल्टननं काय केलं ते तुला अजून दिसलेलंच नाही. तू भोकाबद्दल विचारते आहेस आणि मला भोकाची सगळ्यात कमी काळजी आहे.

हे मी इतकं ठासून सांगतो कारण हीच चूक मी एकदा केली आहे. २००३ साली इसाबेल आलं तेव्हा तू मालवणात शाळेच्या खालच्या इयत्तेत असशील. १८ सप्टेंबरला ते उत्तर कॅरोलिनात चढलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चेसापीकच्या उपसागराचं पाणी ॲनापोलिसच्या रस्त्यांत शिरलं. १९३३च्या वादळाचा विक्रम मोडणारं पाणी होतं ते. माझी सत्तावीस फुटी बोट धक्क्यावर आपटून मागच्या अंगाला फुटली, आणि वर डेकची कड हातभर उकलली. थंडी पडायच्या आत काम उरकायचं म्हणून मी तीन शनिवार-रविवारांत भोक भरलं, कड दाबून बसवली, वरून रंग दिला. लांबून पाहणाऱ्याला कळलंही नसतं. तिसऱ्या उन्हाळ्यात शिडाचा दोर ओढताना डेक पायाखाली दबलं. वरचं कवच कापलं तर आतला बाल्सा लाकडाचा गाभा काळा लगदा झालेला, चमच्यानं काढता येईल असा. हातभर उकललेल्या कडेतून पाणी आत गेलं होतं, मी त्यावर झाकण घातलं होतं, आणि ते पाणी तीन वर्षं आतल्या आत सरकत त्या बाजूचं निम्मं डेक खाऊन बसलं होतं. पहिलं काम तीन आठवड्यांचं होतं. दुसऱ्याला अकरा महिने लागले.

तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो. आधी उघडायचं, मग वाळवायचं, आणि भरायचं सगळ्यात शेवटी.

आता उघडायचं म्हणजे कुठपर्यंत, ते सांगतो. पणजोबांच्या होडीची फळी फुटली की कारागीर ती फळी काढायचा, दुसरी बसवायचा, फटीत कापूस ठासायचा, झालं. शेजारच्या फळीला त्याचं काही सोयरसुतक नसायचं. फायबरग्लासला फळ्या नसतात. काचेचे धागे आणि रेझिन मिळून एकच कवच असतं, आणि एका जागी बसलेला दणका त्या कवचातून लांबवर पोचतो. जिथे ते कवच कशाला तरी बांधलेलं असतं, म्हणजे आडव्या भिंतीला, लॉकरच्या कडेला, तिथे तो दणका अडतो आणि तिथेच मोडतोड करतो. म्हणून भोकापाशी कमी आणि भोकापासून चार फुटांवर जास्त, असं नुकसान सापडलं तर घाबरू नकोस. तसंच होतं.

शोधायची रीत सोपी आहे. आपली आजी बाजारात माठ घेताना काय करायची आठवतं? बोटाच्या पेरानं सगळीकडून वाजवून बघायची. तडा डोळ्यांना दिसत नसला तरी कानाला कळतो. तू एक हलका प्लॅस्टिकच्या डोक्याचा हातोडा घे, नाहीतर स्क्रू ड्रायव्हरची मूठही चालेल, आणि सगळी बोट इंच-इंच वाजव. घट्ट फायबरग्लास टणक, स्वच्छ वाजतं. कवचाचे थर सुटले असतील किंवा आतला गाभा कुजला असेल तर आवाज मंद, थप्प असा येतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूनं रेघ मार. डाव्या बाजूपासून सुरुवात कर, तिथे मार बसलेला नाही. म्हणजे चांगला आवाज कसा असतो ते कानाला आधी कळेल. दोन दिवस या कामाला दे. ओल मोजायचं मीटर यार्डवाल्याकडे असेल तर तेही फिरव, पण त्याच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नकोस. मागे धातू असला किंवा वर मीठ राहिलं असलं की ते भलतंच काही दाखवतं. आधी गोड्या पाण्यानं सगळी बोट आतून-बाहेरून धू.

मग आत जा. गाद्या, लाकडी दारं, ड्रॉवर, सगळं बाहेर काढ आणि टॉर्च तिरका धरून कवचाची आतली बाजू बघ. धागे आणि रेझिन एकमेकांपासून सुटले की तिथे पांढुरका डाग दिसतो. आडवी भिंत कवचाला जिथे काचेच्या पट्ट्यांनी जोडलेली आहे ती प्रत्येक पट्टी नखानं उचकटून पाहा, दोन्ही बाजूंनी. तुझ्या बोटीत अडचण अशी की बसायच्या जागा, लॉकर, तळ असं सगळं एकाच ओतीव फायबरग्लासच्या साच्यात आहे, आणि त्याच्यामागे सगळीकडे हात जात नाही. हात जात नसेल तिथे साचा काप. हो, काप. नीट चौकोन कापून ठेव, नंतर त्यालाच झाकण करता येतं. आपण न पाहिलेल्या जागेवर भरवसा ठेवून समुद्रात जाण्यापेक्षा कापलेला साचा कधीही बरा.

हे करण्याआधी एक गोष्ट मात्र आटोपून घे. विम्याच्या कंपनीला सविस्तर कळवलं नसशील तर उद्याच कळव. प्रत्येक जखमेचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढ, आणि तुझ्या वतीनं पाहणी करायला एक स्वतंत्र मरीन सर्व्हेअर बोलाव, ज्याचे पैसे तू देशील. विमा कंपनीचा माणूस कंपनीसाठी पाहतो, त्यात त्याची चूक नाही. वाजवून काढलेल्या खडूच्या रेघा त्या सर्व्हेअरला दाखव. आणि कंपनीकडून पैशांचा निकाल लेखी येईपर्यंत काहीही कापू नकोस, तपासणीपुरतं कापायचं असेल तर आधी त्यांना विचार.

आता डेक. तुझ्या बोटीची कूस सलग काचेची आहे, तिला गाभा नाही, ही मोठी जमेची बाजू. डेक मात्र सँडविच आहे: वर एक पातळ कवच, खाली एक पातळ कवच, मध्ये लाकूड. यात कमीपणा काही नाही. गोव्यात दिवाडीला बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीच्या अंगातही लाकडाचा गाभा आणि बाहेर काच आहे, आणि तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, मग अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ साली कुठेही न थांबता केली. लाकडाचा गाभा वाईट नसतो. ओलं लाकूड बंद करून ठेवणं वाईट. तुझ्या डेकच्या उकललेल्या कडेतून आणि उपटलेल्या रेलिंगच्या खांबांच्या भोकांतून मिल्टनचा पाऊस आत गेलेला आहे, यात मला शंका नाही. कुणी सांगेल, छोटी भोकं पाड, पंखा लाव, उन्हात वाळेल, मग भोकांतून एपॉक्सी सोड. हा सल्ला ऐकू नकोस. भिजलेला गाभा अशा भोकांतून वाळत नाही, आणि वर एपॉक्सी ओतली की आतली ओल कायमची कोंडली जाते. जिथे आवाज मेलेला आहे तिथे वरचं कवच कापून अख्खं उचल, ओला गाभा खरवडून काढ, कोरडं चांगलं लाकूड लागेपर्यंत मागे मागे जात राहा, आणि मग उघडं ठेवून वाळव. वर पक्कं छप्पर कर. ताडपत्री नव्हे, बांबूसारख्या पाइपांचा सांगाडा आणि त्यावर घट्ट बांधलेलं प्लॅस्टिक, बाजूंनी वारा खेळता. आपल्याकडे पावसाळ्याआधी होड्या शाकारतात तसं. तुमच्या भागात आता कोरडे महिने आहेत. जानेवारी संपेपर्यंत वाळू दे.

कील. मिल्टनच्या रात्री सगळं वजन कीलवर आलं, तेही कलून. साडेचार टनांच्या पुढची बोट आहे ती. तुझ्या कॅटलिना ३० जातीच्या बोटींत कील जिथे कवचाला मिळते तिथे पुढच्या बाजूला वाकडी चीर पडते, इतकी वारंवार की इथे तिला कॅटलिनाचं हसू म्हणतात. नुसती चीर असेल तर कीलचे बोल्ट कसून, सांधा साफ करून भरता येतो. पण तुझी १९७८ची आहे, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत बनलेल्या या बोटींत कीलच्या वरच्या खुंटात प्लायवूड घातलेलं असायचं. ते भिजून कुजलं असेल तर नट कितीही आवळ, ते लाकडात रुतत जातात. बोटीच्या तळातलं पाणी पूर्ण उपसून बोल्टांच्या मुळाशी गंज आणि नरमपणा बघ, आणि हा भाग सर्व्हेअरकडून लिहून घे. इथे तुझ्या-माझ्या अंदाजाला जागा नाही. कील सुटली तर माणसं बुडतात. एक बरं आहे, या जातीच्या सहा हजारांहून जास्त बोटी बनल्या, त्यामुळे तिचा प्रत्येक आजार कुणी ना कुणी आधी दुरुस्त केलेला आहे, आणि ते लोक मदतीला तयार असतात.

सुकाणूच्या पात्याच्या आत फोम आणि स्टीलचा सांगाडा असतो. तळाशी बारीक भोक पाड; तपकिरी पाणी ठिबकलं तर सांगाडा गंजतोय असं समज. डोलकाठी उभी आहे म्हणून तू खुशीत आहेस, पण ती उतरवून घे. ती ज्या तारांनी बांधलेली आहे त्या तारा स्टीलच्या ज्या पट्ट्यांना अडकतात, त्या पट्ट्या डेकमधून खाली जातात, आणि नेमकं डेकच्या जाडीत, जिथे हवा पोचत नाही आणि खारं पाणी साचतं, तिथे स्टेनलेस स्टील गुपचूप झिजतं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बाहेर काढून भिंगातून बघ. मी इसाबेलनंतर फक्त मार बसलेल्या बाजूची काढली होती. इंजिनात पाणी गेलं नाही म्हणतेस, तर त्याला आज हात लावायची गरज नाही. फक्त खाली भिजलेल्या वायर सगळ्या काढून टाक, खारं पाणी तांब्याच्या तारेत वर चढत राहतं.

एवढं सगळं झालं, सगळं कोरडं झालं, की मग भोक. आता तुझ्या प्रश्नाकडे येतो.

तू म्हणालीस तळहाताएवढं आहे. फुटलेला भाग घट्ट काचेपर्यंत कापलास की ते एक वीत-दीड वीत होईल, म्हणजे समज तीस सेंटीमीटर. कापताना कोपरे ठेवू नकोस, लंबगोल काप. कोपऱ्यातून पुन्हा तडा जातो. मग कडा उताराच्या करायच्या. कवचाच्या जाडीच्या बारा पट उतार, हा नियम. कवच नऊ मिलिमीटर भरलं तर उतार प्रत्येक बाजूला जवळजवळ अकरा सेंटीमीटर. म्हणजे तीस सेंटीमीटरच्या भोकासाठी ठिगळ बावन्न सेंटीमीटरचं. पहिल्यांदा ग्राइंडर हातात घेशील तेव्हा इतकं चांगलं कवच घासून टाकताना हात थरथरेल. थरथरू दे, पण घास. नवीन काच जुन्या काचेला रासायनिकरीत्या एकजीव होत नाही, ती फक्त चिकटते, आणि चिकटायला तिला रुंद जागा हवी. सरळ कडेत भरलेलं ठिगळ बुचासारखं असतं. एक लाट त्याला आत ढकलते. घासण्याआधी मात्र ती जागा सॉल्व्हंटनं पुसून मेण आणि तेल काढ. आधी घासून मग पुसलंस तर मेण घासून आत बसतं.

तुझ्या बोटीत नेमक्या भोकापाशी बाजूच्या लॉकरमधून हात पोचतो, म्हणून काम आतून कर आणि उतारही आतल्या बाजूनं ठेव. बाहेरून सनमायकाचा एक तक्ता मेण लावून भोकावर ताणून स्क्रूनं बसव. तो कुशीच्या वळणाप्रमाणे वाकतो आणि बाहेरची बाजू गुळगुळीत मिळते. त्यावर आतून एपॉक्सीत भिजवलेले कापडाचे थर चढवायचे. सर्वांत मोठा तुकडा आधी की लहान, यावर इथल्या यार्डांत माणसं तासन्‌तास वाद घालतात. मी मोठा आधी लावतो, कारण तो पूर्ण उतारावर एका दमात पसरतो आणि जुन्या काचेशी त्याच्या प्रत्येक धाग्याची गाठ पडते. एक थर साधारण एक-सव्वा मिलिमीटर चढतो, तेव्हा सात-आठ थर धर.

तुझी बोट पॉलिएस्टर रेझिनची आहे, तरी दुरुस्ती एपॉक्सीनंच कर. जुन्या वाळलेल्या काचेवर एपॉक्सीची पकड जास्त चांगली असते. पण मग कापड निवडताना लक्ष ठेव: गोंदानं बांधलेली साधी मॅट घेऊ नकोस. तो गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही, आणि मॅट कोरडीच राहते. दोऱ्यानं शिवलेलं तिरकं कापड घे, इथे ते १७०८ या नावानं मिळतं. दुसरं, आपल्याकडे मालवण-वेंगुर्ल्याला फायबरच्या होड्यांवर काम करणारी पोरं हवा गार असली की हार्डनर जरा जास्त टाकतात. पॉलिएस्टरमध्ये ते थोडंफार चालतं. एपॉक्सीत मुळीच नाही. तिथे हार्डनर हा मिश्रणाचा अर्धा संसार आहे. प्रमाण बिघडलं की ते कधीच घट्ट होत नाही आणि चिकट चिखल खरवडून काढावा लागतो. वजन करून मिसळ, थोडं थोडं मिसळ, आणि मिसळलं की पसरट थाळीत ओत. खोल डब्यात राहिलं तर ते स्वतःच्याच उष्णतेनं उकळायला लागतं, धूर येतो. उतारावर आधी पातळ एपॉक्सीचा हात, मग सिलिकाची भुकटी घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेल्या एपॉक्सीचा पातळ लेप, मग कापड. थर शक्यतो एकाच दिवशी, आधीचा चिकट असतानाच चढव. रात्र मध्ये गेली तर सकाळी वर मेणचट थर आलेला असतो. तो साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुतल्याशिवाय पुढचा थर लावू नकोस.

शरीराची काळजी घे, हे मी ताईच्या वतीनंही सांगतो आहे. एपॉक्सी हाताला लागली तर काही होत नाही असं पहिल्या दहा वेळा वाटतं. अकराव्या वेळी अंगावर पुरळ उठतं, आणि एकदा का शरीर तिच्याविरुद्ध गेलं की आयुष्यात परत ती वापरता येत नाही. माझ्या यार्डातला एक उत्तम कारागीर असाच हे काम कायमचं सोडून गेला. हातमोजे सतत बदल, आणि हाताला लागलेली एपॉक्सी ॲसिटोननं कधीही धुऊ नकोस, ती कातडीत आणखी आत जाते. घासताना कागदी मास्क पुरत नाही. दोन्ही बाजूंना डबे असलेला, धूळ आणि वाफ दोन्ही अडवणारा मास्क लाव, पूर्ण अंग झाक. काम संपल्यावर गार पाण्यानं आंघोळ कर, गरम पाण्यानं नाही.

डेकची उकललेली कड बुटाच्या खोक्याच्या झाकणासारखी कुशीवर बसते. ती स्क्रूनं ओढून जागेवर आणण्याआधी आतला जुना सुकलेला गोंद पूर्ण काढ. रेलिंगच्या खांबांची भोकं मोठी पाड, एपॉक्सीनं भर, आणि भरलेल्या एपॉक्सीतून पुन्हा योग्य मापाची पाड. मग स्क्रू सैल झाला तरी पाणी लाकडाला शिवत नाही. रंगाबद्दल आज काहीच लिहीत नाही. रंगापर्यंत पोचशील तेव्हा पुढच्या वर्षीचा उन्हाळा असेल.

आता जे लिहायचं मी टाळत होतो ते. ही बोट दुरुस्त करायची की नाही, हे तू अजून ठरवलेलं नाहीस. तू गृहीत धरलं आहेस. मला तुझं तिच्यावरचं प्रेम माहीत आहे. पहिल्या नोकरीच्या पैशांनी घेतलीस, नाव आईचं ठेवलंस. पण कीलमधलं लाकूड कुजलेलं निघालं आणि डेकचं निम्मं अंग गेलेलं असेल, तर खर्च बोटीच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाईल, आणि पैशांपेक्षाही जास्त तुझी दोन-तीन वर्षं जातील. एक आकडा आजच कागदावर लिही: किती पैसे, किती महिने. उघडून झाल्यावर, वाळवण्याआधी, तो कागद काढ आणि सर्व्हेअरच्या अहवालाशेजारी ठेव. खर्च किंवा वेळ त्या आकड्याच्या पुढे जात असेल तर थांब. अर्धवट सोडलेल्या बोटी फ्लोरिडाच्या खाड्यांमध्ये किती सडत पडल्या आहेत ते तू रोज बघतेस. त्या हळूहळू फुटतात, काच आणि तेल पाण्यात जातं, आणि शेवटी सरकारला त्या लोकांच्या पैशानं काढाव्या लागतात. तुमच्या राज्याचा मत्स्य आणि वन्यजीव आयोग अशी पाळी येण्याआधी स्वेच्छेनं बोट ताब्यात घ्यायची योजना चालवतो. तिथे अर्ज करणं यात हार नाही. डोलकाठी, शिडं, विंच, इंजिन विकून दुसरी चांगली जुनी बोट घेता येते, आणि कॅटलिना ३० तर बाजारात नेहमीच असते.

माझं मत विचारशील तर, फोटोंवरून मला वाटतं कील धडधाकट निघेल आणि डेकचा साधारण तिसरा हिस्सा उघडावा लागेल. तसं असेल तर ही बोट वाचवण्याजोगी आहे. पण हे फोटोंवरून बांधलेलं मत आहे, आणि फोटोला वाजवून बघता येत नाही.

म्हणून आता एवढंच कर. धू, वाजव, खडूच्या रेघा मार, आणि रेघांसकट बोटीचा नकाशा कागदावर काढून मला पाठव. आधी कागद, मग फोन. रेझिन आणू नकोस, ग्राइंडर भाड्यानं घेऊ नकोस. माझा ग्राइंडर आणि दोन चांगले मास्क मी बॅगेत भरून ठेवले आहेत. १० जानेवारीच्या शुक्रवारी दुपारी मी टॅम्पाला उतरतो आहे.

तुझा,
मामा